भाषणातल्या ‘आपण’मध्ये तुम्ही असता का?

‘आम्ही हा रस्ता केला.’ ‘आपण हा रस्ता केला.’ रस्ता एकच, डांबरही तेच. पण पहिल्या वाक्यात सभेला आलेला माणूस नुसता ऐकणारा आहे आणि दुसऱ्या वाक्यात तो रस्ता करणाऱ्यांत जाऊन बसला आहे. खुर्चीवरून न उठता त्याची जागा बदलली, आणि ती बदलली एका सर्वनामाने.

प्रचाराच्या भाषणांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. कुणी कुणाला टोला लगावला, किती गर्दी होती, कोणतं आश्वासन दिलं, याच्या बातम्या होतात. मी, आम्ही, आपण, तुम्ही, ते या शब्दांकडे मात्र कुणी बघत नाही. ते फार लहान आहेत आणि फार सवयीचे आहेत. त्यांची ताकद नेमकी तिथेच आहे. रस्ता चांगला झाला की वाईट, यावर वाद घालता येतो. पण वक्ता ‘आपण’ म्हणाला म्हणून सभेत उभं राहून ‘मला त्यात धरू नका’ असं कुणी म्हणत नाही. दावा तपासला जातो, सर्वनाम तपासल्याशिवाय आत येतं.

म्हणून हे शब्द कसे काम करतात ते जरा सावकाश बघू. मराठी बोलणाऱ्याला ते समजायला सोपं जातं, कारण जगातल्या बऱ्याच भाषांकडे नसलेली एक सोय आपल्या भाषेत आहे.

आम्ही आणि आपण

समोरच्याला धरून बोलायचं तर ‘आपण’ आणि वगळून बोलायचं तर ‘आम्ही’, ही निवड मराठीत करावीच लागते. ‘आम्ही जेवायला निघालोय’ म्हटलं की आलेला पाहुणा ओळखतो, हे आमंत्रण नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो चपला घालायला उठतो. शाळेत न गेलेलं पोरही यात चुकत नाही.

इंग्रजीतला ‘वी’ दोन्हीकडे चालतो. हिंदीतला ‘हम’सुद्धा. बिहारमध्ये आणि पूर्व उत्तर प्रदेशात तर एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो. गुजरातीत मात्र ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा आपल्यासारखाच भेद आहे. तेलुगूतही ‘मेमु’ वेगळं आणि ‘मनमु’ वेगळं. मराठी आणि गुजरातीत हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात.

8 जानेवारी 2008 च्या रात्री न्यू हॅम्पशायर राज्यातली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, बराक ओबामा हरले होते, हिलरी क्लिंटन जिंकल्या होत्या. त्या रात्रीच्या भाषणात ओबामांनी ‘येस वी कॅन’ हे पालुपद धरलं आणि पराभवाचं भाषण देशभर गाजलं. यातला ‘वी’ म्हणजे कोण? त्यांचे कार्यकर्ते? डेमोक्रॅटिक पक्ष? कृष्णवर्णीय? तरुण मतदार? सगळा देश? वाक्य ते सांगत नाही आणि म्हणूनच ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपल्या सोयीने त्यात शिरता आलं. मराठीत आणायचं तर ‘होय, आम्ही करू शकतो’ म्हणावं लागेल किंवा ‘होय, आपण करू शकतो’. पहिल्यात मतदार बाहेर राहतो, दुसऱ्यात आत येतो. इंग्रजी वक्त्याला मिळणारा धूसरपणा मराठी वक्त्याला सहजी मिळत नाही.

‘आपण’ म्हणजे चांगलं आणि ‘आम्ही’ म्हणजे वाईट, असा याचा अर्थ नाही. ‘आम्ही’ कुणाला उद्देशून म्हटलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. ‘मुंबई आमची, नाही कुणाच्या बापाची’ ही घोषणा मुंबईवर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या कुणाला ऐकवायची आहे, म्हणून तिथे ‘आमची’च हवं, ‘मुंबई आपली’ म्हटलं तर त्या दुसऱ्यालाही वाटा दिल्यासारखं होईल. 2013 मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर रस्त्यावर आलेल्या लोकांच्या फलकांवर ‘आम्ही सारे दाभोलकर’ होतं. ते मारणाऱ्यांना उद्देशून होतं. तिथलं ‘आम्ही’ एक भिंत उभी करत होतं आणि ती भिंत हवीच होती.

सभेत मात्र समोर मतदार असतो. तिथे ‘आम्ही’ म्हणताना वक्त्याला मतदाराला किंचित बाजूला ठेवावं लागतं आणि ‘आपण’ म्हणताना श्रेय वाटून घ्यावं लागतं. बरीचशी कसरत या दोन टोकांमध्ये चालते.

त्यात ‘आपण’ हा शब्द स्वतःच तीन घरांत राहतो. ‘आपण सगळे मिळून’ म्हणजे मी आणि तुम्ही. ‘आपण मला निवडून दिलंत’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. आणि ‘आपण नाही बाबा कुणाला घाबरत’ म्हणजे चक्क मी. ‘आपला’चंही तसंच. प्रचारपत्रकाच्या तळाशी ‘आपला नम्र’ म्हणून सही असते, तिथे उमेदवार तुमचा असतो. ‘आपला तालुका’ दोघांचा असतो. ‘प्रत्येकाने आपलं मत द्यावं’ यात ज्याचं त्याचं. कसलेला वक्ता एकाच वाक्यात या घरांतून त्या घरात जातो. ‘आपण माझ्यावर विश्वास टाकलात, म्हणूनच आपण हे धरण पूर्ण करू शकलो.’ पहिल्या ‘आपण’मध्ये फक्त तुम्ही आहात. दुसऱ्यात तोही आहे, किंवा त्याचं सरकार आहे, किंवा नुसता तोच आहे. शब्द बदलला नाही, माणसं बदलली.

मतं वाढतात का

सर्वनामांनी खरोखर काही फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या निकलस स्टेफन्स आणि अलेक्झांडर हॅस्लम या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1901 पासून त्या देशात झालेल्या 43 राष्ट्रीय निवडणुकांमधली पंतप्रधानपदाच्या दावेदारांची प्रचारभाषणं त्यांनी घेतली आणि त्यातले ‘वी’, ‘अस’ हे शब्द मोजले. 43 पैकी 34 निवडणुकांत जिंकणाऱ्याने हे शब्द हरणाऱ्यापेक्षा जास्त वापरले होते. जिंकणाऱ्याच्या भाषणात साधारण दर 79 शब्दांमागे एक ‘आपण’ येत होतं, हरणाऱ्याच्या भाषणात दर 136 शब्दांमागे.

आकडे बोलके आहेत, पण ‘आपण’ म्हटलं म्हणून माणूस जिंकला, असं त्यावरून म्हणता येत नाही. ज्याला जिंकण्याची खात्री आहे, ज्याच्यामागे पक्ष एकसंध उभा आहे, त्याच्या तोंडी ‘आपण’ आपोआप येत असेल. ज्याचा पक्ष फुटला आहे त्याला ‘आपण’ म्हणणंच जड जात असेल. शिवाय ती मोजणी इंग्रजीतली आहे, जिथे आम्ही आणि आपण वेगळे काढता येत नाहीत. मराठी भाषणांवर अशी मोजणी केली तर ती जास्त सांगून जाईल, असं मला मनापासून वाटतं. कुणा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते काम हाती घ्यावं.

मी

एकवचनी ‘मी’ सभेत धोक्याचा असतो, तरी काही वाक्यं त्याच्यावरच उभी राहतात. 1971 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी विरोधकांच्या आघाडीला दिलेलं उत्तर आठवा: ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. एका बाजूला ‘ते’, दुसऱ्या बाजूला ‘मी’, मध्ये कुणीच नाही. पक्ष फुटून दोन वर्षंही झाली नव्हती, अशा वेळी निवडणूक एका व्यक्तीभोवती आणून ठेवायची होती आणि ते काम या दोन सर्वनामांनी केलं.

2019 मध्ये देवेंद्र फडणवीस यांचं ‘मी पुन्हा येईन’ घरोघरी पोचलं. ‘येईन’ या क्रियापदातच ‘मी’ आहे. ‘पुन्हा येईन’ एवढं म्हटलं असतं तरी अर्थ पुरा झाला असता. तरीही ‘मी’ सुरुवातीला ठेवला आणि त्यावर जोर दिला. ती निवडणूक युतीची होती. ‘आम्ही पुन्हा येऊ’ म्हटलं असतं तर त्यात मित्रपक्ष मावला असता. एकवचनात तो मावत नव्हता. निकालानंतर युती मुख्यमंत्रिपदावरून तुटली, विरोधकांनी त्या वाक्याची थट्टा केली, आणि 5 डिसेंबर 2024 ला फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर त्याच वाक्याचे समर्थकांनी फलक लावले. ‘आम्ही’ म्हटलं असतं तर ना थट्टा झाली असती, ना फलक.

त्याच 2019 मध्ये साताऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक होती. 18 ऑक्टोबरला भर पावसात भिजत शरद पवारांनी केलेलं भाषण सगळ्यांना त्या पावसासाठी लक्षात आहे. मला त्यातली कबुली जास्त महत्त्वाची वाटते. लोकसभेचा उमेदवार निवडताना ‘माझ्याकडून चूक झाली’, असं ते म्हणाले. ‘आमच्याकडून’ म्हणणं सोपं होतं, पक्षाची निवड समिती पुढे करता आली असती. त्यांनी ती चूक एकट्याच्या अंगावर घेतली. पण वाक्याची ठेवणही बघा. ‘मी चूक केली’ आणि ‘माझ्याकडून चूक झाली’ यात फरक आहे. दुसऱ्या वाक्यात कर्ता ‘चूक’ आहे, ती ‘झाली’ आहे, आणि बोलणारा तिचा मार्ग ठरला आहे. घरात कपबशी फुटली की आपण सगळे हीच वाक्यरचना वापरतो. कबुली पुरी आणि बोच कमी, असं दोन्ही तिने साधतं. शिवाय ती चूक दुरुस्त करायचं काम त्यांनी लगेच सातारकरांवर सोपवलं. चूक माझी, दुरुस्ती तुमची. त्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील निवडून आले.

नेत्यांना ‘मी’ टाळायची आणखी एक वाट असते: स्वतःचं नाव घेणं. 2024 च्या लोकसभेला भाजपच्या जाहीरनाम्याचं नावच ‘मोदी की गारंटी’ होतं आणि पंतप्रधान स्वतः भाषणात ‘ये मोदी की गारंटी है’ म्हणत. ‘माझी हमी’ फक्त तेच म्हणू शकतात. ‘मोदींची हमी’ तालुक्याचा कार्यकर्ताही म्हणू शकतो आणि शब्द तोच राहतो.

‘माझी’ म्हणजे कुणाची?

महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांतली दोन नावं शेजारी ठेवली की सर्वनामाचं काम लख्ख दिसतं.

सप्टेंबर 2020 मध्ये, करोनाच्या काळात, उद्धव ठाकरे सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. यातलं ‘माझे’ कोण म्हणतंय? मुख्यमंत्री नाहीत. ते तुमच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे. ते वाचताना तुम्ही स्वतःशी ‘माझे’ म्हणता आणि जबाबदारी घेऊन मोकळे होता. ‘तुमचे कुटुंब, तुमची जबाबदारी’ असं नाव असतं तर सरकारने हात झटकले, अशी बोंब झाली असती. आशय तोच, सर्वनाम वेगळं.

जून 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. पात्र महिलांच्या खात्यात दरमहा 1500 रुपये. यातलं ‘माझी’ कोण म्हणतंय? इथे मुख्यमंत्री. बहीण ही वाचणारी आहे आणि ‘माझी’ म्हणणारा भाऊ सत्तेत आहे. मध्य प्रदेशात 2023 मध्ये आलेल्या योजनेचं नाव ‘मुख्यमंत्री लाडली बहना’ होतं. महाराष्ट्राने त्यात ‘माझी’ घातलं. या एका शब्दाने सरकार आणि नागरिक हे नातं भाऊ आणि बहीण यांच्यात गेलं. सरकारकडून नागरिकाला जे मिळतं तो हक्क असतो, त्याचा हिशेब मागता येतो. भावाकडून मिळते ती ओवाळणी, तिचा हिशेब विचारायचा नसतो. पैसा तर राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे साखरेपासून पेट्रोलपर्यंत सगळ्यावर कर भरणाऱ्या त्याच बहिणींचासुद्धा.

त्याच वर्षीच्या विधानसभेच्या प्रचारात महाविकास आघाडीने दुप्पट, म्हणजे दरमहा 3000 रुपयांचं आश्वासन दिलं. त्या योजनेचं नाव ‘महालक्ष्मी’. रक्कम मोठी, पण नावात ना ‘मी’ ना ‘तू’, नातं कुणाचं कुणाशीच नाही. निकाल केवळ नावामुळे लागला असं मी म्हणणार नाही. एकीकडे हातात पडलेले पैसे होते आणि दुसरीकडे वायदा होता, हे कारण पुरेसं मोठं आहे. तरी प्रचारसभांत ‘माझ्या लाडक्या बहिणींनो’ अशी हाक घालता येत होती, आणि तशी हाक ‘महालक्ष्मी’तून निघत नव्हती.

ऐकणाऱ्याच्या तोंडी ‘मी’ घालायची युक्ती जुनीच आहे. 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनात लोकांनी घातलेल्या टोप्यांवर ‘मैं अन्ना हूँ’ होतं. 2019 मध्ये ‘चौकीदार चोर है’ या विरोधकांच्या घोषणेला भाजपने ‘मैं भी चौकीदार’ असं उत्तर दिलं. आरोप एका माणसावर, तिसऱ्या पुरुषातला होता. उत्तर पहिल्या पुरुषातलं आणि लाखो तोंडांचं. त्यानंतर चौकीदाराला चोर म्हणणं म्हणजे त्या सगळ्यांना म्हणणं झालं.

सर्वनाम गाळलं की

वर म्हटलं की मराठी वक्त्याला सहजी धूसर राहता येत नाही. एक पळवाट आहे, आणि ती फार वापरली जाते: सर्वनाम उच्चारायचंच नाही. मराठीत, हिंदीतही, क्रियापदाच्या रूपातून कर्ता कळतो म्हणून तो गाळला तरी चालतो. पण क्रियापद सगळं सांगत नाही.

‘कर्जमाफी करू.’ करू म्हणजे आम्ही करू की आपण करू? दोन्हीला रूप एकच. सर्वनामात असलेला भेद क्रियापदात नाही. ‘एकत्र आलोय’ यात तर मी (बोलणारा पुरुष असेल तर), आम्ही आणि आपण, तिघेही बसतात. आणि भूतकाळात ‘केलं’, ‘बांधलं’, ‘आणलं’ आलं की कर्ता पारच नाहीसा होतो, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘पाच वर्षांत दोनशे शाळा बांधल्या.’ ‘बांधल्या’ हे शाळांप्रमाणे आहे. बांधल्या कुणी? मी, आम्ही, आपण, सरकारने, जिल्हा परिषदेने, केंद्राच्या निधीतून, लोकवर्गणीतून, सगळं त्याच वाक्यात बसतं. कार्यअहवाल वाचून दाखवणारं भाषण कर्त्याशिवाय इतकं छान चालतं ते यामुळे. ऐकणारा कर्त्याच्या जागी समोर माईकवर उभा असलेला माणूस ठेवतो.

2024 च्या महाराष्ट्रातल्या प्रचारात दोन हिंदी घोषणा गाजल्या. योगी आदित्यनाथांची ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि नोव्हेंबरात धुळ्याच्या सभेत पंतप्रधान मोदींनी दिलेली ‘एक हैं तो सेफ हैं’. दोन्हींत एकही सर्वनाम नाही. कोण बटेंगे? कोण एक? काही म्हणाले हिंदू, काही म्हणाले ओबीसी आणि इतर जाती, काही म्हणाले सगळे भारतीय. समर्थकांनी आणि टीकाकारांनी आपापलं सर्वनाम भरलं आणि घोषणा देणाऱ्याला कशालाच बांधून घ्यावं लागलं नाही. महायुतीतल्याच अजित पवारांनी ‘बटेंगे तो कटेंगे’ महाराष्ट्रात चालणार नाही, असं जाहीर सांगितलं. त्यांनी रिकामी जागा कशी वाचली ते त्यावरून कळतं.

तुम्ही, तू आणि ते

‘तुम्ही’चं सर्वात परिणामकारक उदाहरण मला 28 ऑक्टोबर 1980 चं वाटतं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याशी झालेल्या वादचर्चेच्या शेवटी रोनाल्ड रेगन यांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं: चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुम्ही बऱ्या स्थितीत आहात का? महागाईने पिचलेल्या माणसाला उत्तर स्वतःच द्यायचं होतं, आणि स्वतः दिलेलं उत्तर कुणी खोडत नाही. आठवड्याभराने रेगन जिंकले.

हाच ‘तुम्ही’ उलटतोही. 1992 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सर्वात जुन्या संघटनेच्या अधिवेशनात बोलले आणि श्रोत्यांना ‘तुम्ही लोक’, ‘तुमचे लोक’ म्हणत राहिले. मुद्दा त्यांच्या बाजूचाच होता. पण ‘तुम्ही लोक’ म्हटलं की बोलणारा त्या लोकांतला नाही, हे आधी ऐकू येतं. सभागृह दुखावलं गेलं. आपल्याकडे वस्तीत मतं मागायला गेलेला नेता ‘तुम्हा लोकांसाठी आम्ही किती केलं’ म्हणतो, तेव्हा हेच घडतं.

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ अशी आणखी एक पायरी आहे. प्रतिस्पर्ध्याला ‘ते’ म्हणायचं की ‘तो’, ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘तू’, यावर सभेचा पारा ठरतो. 2024 च्या जुलैत उद्धव ठाकरे फडणवीसांना उद्देशून ‘एक तर तू राहशील नाही तर मी राहीन’ असं म्हणाले. ‘एक तर तुम्ही राहाल नाही तर आम्ही राहू’ म्हटलं असतं तर ते दोन पक्षांमधलं राजकीय वाक्य झालं असतं. एकेरीने ते दोन माणसांमधलं भांडण झालं आणि शिवसैनिकाला ते स्वतःचं वाटलं. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी ते उद्धटपणा म्हणून घेतलं.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या 21 जुलै 2016 च्या क्लीव्हलँडमधल्या भाषणात एकाच वेळी दोन टोकं आहेत. हिलरी क्लिंटन यांच्या समर्थकांची घोषणा होती ‘आय एम विथ हर’, मी तिच्याबरोबर. ट्रम्प म्हणाले, माझी शपथ वेगळी आहे: मी तुमच्याबरोबर. प्रतिस्पर्ध्याच्या घोषणेतलं एक सर्वनाम बदलून त्यांनी ती उलटी फिरवली. आणि त्याच भाषणात व्यवस्थेबद्दल ते म्हणाले की ती मी एकटाच दुरुस्त करू शकतो. 2024 मध्ये त्यांच्या प्रचाराच्या एका जाहिरातीने सर्वनामांनाच हत्यार केलं: कमला हॅरिस ‘दे-देम’साठी आहेत, ट्रम्प तुमच्यासाठी. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणारे काही लोक इंग्रजीत ‘दे-देम’ ही सर्वनामं वापरतात. जाहिरातीने त्याच शब्दांचा दुसरा, जुना अर्थ जागा केला: ते, परके. एका मूठभर गटाला ‘ते’ करून उरलेल्या सगळ्यांना ‘तुम्ही’ केलं. क्रूर होतं, पण रचनेत एकही शब्द वाया गेला नव्हता.

एका सर्वनामासाठी सात न्यायाधीश

हे सगळं शब्दांचे खेळ आहेत असं कुणाला वाटत असेल तर सांताक्रूझचा खटला सांगायला हवा.

1990 च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या सांताक्रूझमधून भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावावर मतं मागितली, असा आरोप काँग्रेसच्या प्रतिस्पर्ध्याने केला आणि 1991 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे एका शब्दापाशी अडलं. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(3) नुसार ‘त्याच्या’ धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषेच्या आधारे मत मागणं हे निवडणुकीतलं ‘भ्रष्ट आचरण’ ठरतं. इंग्रजी मजकुरात शब्द आहे ‘हिज’. प्रश्न असा की ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या? उमेदवाराच्या की मतदाराच्याही?

फरक मोठा आहे. ‘त्याच्या’ म्हणजे फक्त उमेदवाराच्या असेल, तर ‘मी अमुक धर्माचा आहे म्हणून मला मत द्या’ हे वाक्य बेकायदा, पण ‘तुम्ही अमुक धर्माचे आहात म्हणून मला मत द्या’ हे सुटतं. ‘मी’ अडकतो, ‘तुम्ही’ मोकळा. त्याआधी विलेपार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली होती आणि पुढे बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला होता. त्या खटल्याच्या 1995 च्या निकालात या शब्दाचा अर्थ उमेदवारापुरता घेतला होता.

2 जानेवारी 2017 ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. बहुमत म्हणालं: ‘त्याच्या’ यात उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, प्रतिस्पर्धी आणि मतदार सगळे येतात. अल्पमतातल्या तिघांनी म्हटलं: कायद्यात लिहिलंय तेवढंच वाचा, शब्द उमेदवाराबद्दलच आहे, ज्यांच्यावर जात, धर्म, भाषा यांवरून अन्याय झाला त्यांना त्याबद्दल निवडणुकीत बोलूच न देणं लोकशाहीला मारक ठरेल. शरद बोबडे बहुमतात होते, उदय लळित आणि धनंजय चंद्रचूड अल्पमतात. तिघेही पुढे सरन्यायाधीश झाले. मला अल्पमतातला युक्तिवाद आजही खोडून काढणं अवघड वाटतं, कारण अन्यायाचं बोलणं ‘आपण’शिवाय सुरूच होत नाही. पण ‘तुम्ही’च्या पळवाटेतून काय काय आत येत होतं, हेही डोळ्यांआड करता येत नाही.

एक तुकडा, जवळून

आता एक भाषण घेऊ. हे मीच रचलंय, कुणा एकाचं नाही. तालुक्याच्या गावी ऐकू येतं तसं:

‘पाच वर्षांपूर्वी आपण मला विधानसभेत पाठवलंत. मी तुमची मान खाली जाऊ दिली नाही. शंभर कोटींची कामं आणली. काही लोकांना हे बघवत नाही. यांनी वीस वर्षं काय केलं? मित्रहो, पाण्याचा प्रश्न राहिलाय. मी नाकारत नाही. पण आपण सगळे मिळून तो सोडवू.’

पहिलं ‘आपण’ आदराचं, तुम्ही वर आणि तो खाली. ‘मी’ लगेच येतो आणि तुमच्या माना त्याच्या हाती जातात. ‘आणली’ला कर्ता नाही, पण ‘मी’ नुकताच ऐकलाय, म्हणून कामं त्याच्या नावावर पडतात. ती कोणत्या खात्याची, कुणाच्या निधीतली, हा प्रश्न उठत नाही. ‘काही लोक’ बिननावाचे आहेत, नाव तुम्ही भरायचं आणि उद्या तक्रार झाली तर ‘मी कुणाचं नाव घेतलं?’ असं विचारायचं. पुढच्याच वाक्यात ते ‘काही लोक’ जवळ येतात आणि ‘यांनी’ होतात, बोट दाखवल्यासारखे.

मग पाणी. झालेली कामं एकट्याची होती. राहिलेलं काम सगळ्यांचं झालं. ‘आपण सगळे मिळून’ ऐकायला ऊबदार आहे, पण पाणीपुरवठा योजनेचा प्रस्ताव पाठवणं, मंजुरी आणणं, निविदा काढणं, यातलं एकही काम सभेतला माणूस करू शकत नाही. ते आमदाराचं आणि सरकारचं आहे. त्या ‘आपण’च्या जागी नाव घालायला सांगितलं की वाक्य अडतं. म्हणून भाषण संपल्यावर साहेब गाडीकडे निघतील तेव्हा विचारायचा प्रश्न एवढाच: साहेब, ‘आपण’ म्हणजे तुमच्याकडून कोण, आणि प्रस्ताव कुठल्या महिन्यात जाणार?